पाठकोऱ्या कागदावरची कादंबरी

मी आयुष्यात एकच कादंबरी लिहिली आणि ती छापली गेली नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे कुणी उगाच आशा लावून बसायला नको. ती एका जुगाऱ्याची कादंबरी होती. मी स्वतः पत्त्याला कधी हात लावला नव्हता, आणि त्याचा मला माज होता.

आणीबाणीचा काळ होता. मी जुन्या जालन्यात एका खोलीत भाड्यानं राहत होतो आणि बदनापूरच्या एका सरकारी कचेरीत आवक-जावकीचा कारकून होतो. सकाळच्या पॅसेंजरनं जायचं, संध्याकाळच्या पॅसेंजरनं परत. लग्नाला दोन वर्षं झाली होती आणि बायकोला सातवा महिना लागला होता. सासऱ्यांनी मुलगी दिली ती माझं तोंड बघून नव्हे. दिसण्यात आणि बोलण्यात सांगण्यासारखं काही नव्हतंच. मुलगा सरकारी नोकरीत, परमनंट, एवढ्यावर त्यांनी सुपारी फोडली. हे बायको मला दर दोन महिन्यांनी ऐकवायची, आणि मला राग यायचा, कारण ते खरं होतं.

कादंबरी लिहायला कागद मिळायचा तो आमच्या बडेबाबूंकडून. बडेबाबू म्हणजे हेडक्लार्क. कचेरीत जुनी परिपत्रकं, रद्द झालेले तक्ते असे एका बाजूला छापलेले आणि मागून कोरे कागद ढिगानं पडायचे. त्यांना आम्ही पाठकोरे म्हणायचो. दर शनिवारी बडेबाबू त्यांची एक गड्डी सुतळीनं बांधून माझ्या टेबलावर ठेवायचे आणि म्हणायचे, "लिवा." दुसरं काही नाही. लिहिलेलं कधी मागितलं नाही, कसं चाललंय असं कधी विचारलं नाही.

बडेबाबू आष्टीकडच्या एका खेड्यातले. वडील दुसऱ्याच्या शेतात सालावर राबलेले. छप्पन सालानंतर त्यांचं घर बौद्ध झालं, आणि त्या घरातला खुर्चीवर बसणारा पहिला माणूस म्हणजे हे. कचेरीत ते सगळ्यांच्या आधी यायचे, आपल्या हातानं खुर्ची पुसायचे आणि मग बसायचे. शिपाई असताना स्वतः कशाला पुसता, असं मी एकदा विचारलं होतं. "हात लावून बसलं की बरं वाटतं," म्हणाले.

आमचा गाडीतला डबा ठरलेला होता. माणसंही ठरलेली. चार मांड्यांवर टॉवेल ताणायचा आणि बदनापूर येईपर्यंत तीन पत्ती कुटायची. पण आणीबाणीत शेजारच्या डब्यातून पोलिसांनी पत्त्यासकट चौघांना उतरवलं, आणि आमच्या डब्यातले टॉवेल एका दिवसात गळ्यात गेले. नोकरीवाली माणसं सगळी, कुणाला भीती नव्हती? आता करायचं काय? खिडकीतून तुरी किती दिवस बघणार? तेव्हा आमच्या डब्यातले एक मास्तर मला म्हणाले, "ओ लेखक, तुमची ती गोष्ट तरी वाचा. कानाला काही लागू द्या."

मी वाचायला लागलो. पहिल्या दिवशी कागदात तोंड खुपसून वाचलं. चौथ्या दिवशी मी उभा राहून वाचत होतो.

माझा नायक टेलर होता. दिवसा कापडाच्या बाजारात एका दुकानाच्या पायरीवर मशीन टाकून बसणारा, रात्री तेच घरी आणून चालवणारा. त्याला स्वतःचं दुकान हवं होतं, वर पाटी, आत आरसा, हाताखाली चार कारागीर. शिवून शिवून ते व्हायला आयुष्य जाईल, म्हणून तो पत्त्यांकडे वळतो. आधी जिंकतो. मग बायकोच्या पाटल्या जातात, मग सायकल जाते, मग गिऱ्हाइकांनी शिवायला दिलेलं कापड जातं. शेवटी राहतं ते मशीन. जुगार किती वाईट, हे लोकांच्या मनावर ठसावं असा माझा उच्च हेतू होता.

ठसलं काय, तर आमचा डबा माझ्या टेलरवर पैज लावायला लागला. खोटं वाटेल, पण हे माझ्यासमोर घडलं. प्रकरण संपलं की मास्तर आपली टाचणवही काढायचे, ज्यात उद्याच्या धड्याची टिपणं असतात ती, आणि मागच्या पानावर लिहून घ्यायचे. उद्या टेलर सायकल लावतो का न्हाई? कंपाउंडरचे दोन चहा, लावतो. मास्तरांचा एक चहा, न्हाई लावत. पोलिसांनी धरलं तरी काय धरणार? ना पत्ते, ना पैसा. सरकारी दवाखान्यातला तो कंपाउंडर तर मला प्लॅटफॉर्मवर बाजूला घेऊन म्हणाला, "एवढी सायकल जाऊ द्या ना साहेब. म्या तीन चहा लावून बसलोय." मी रागावायला पाहिजे होतं. मी हसलो. डबाभर माणसं माझ्या शब्दाची वाट बघतायत, हे इतकं गोड होतं की हेतूबितू सगळा विसरलो.

बडेबाबू त्याच डब्यात खिडकीशी बसायचे. ते पत्ते असताना खेळले नव्हते आणि आता चहाही लावत नव्हते. ऐकायचे मात्र.

अर्धी कादंबरी झाली तेव्हा मी ती पुण्याच्या एका प्रकाशकाकडे पाठवली, कचेरीचा पत्ता देऊन. घरी नको होतं बायकोला कळायला. उत्तराचं कार्ड आलं: पूर्ण करून पाठवावी, विचार करू. आता बघा, मी सात वर्षं कारकुनी केलेला माणूस. 'विचाराधीन' हा शब्द मी स्वतः शेकडो अर्जांवर लिहिला होता आणि त्या अर्जांचं पुढं काय होतं ते मला चांगलं ठाऊक होतं. तरी ते कार्ड मी पंधरा वेळा वाचलं आणि मला वाटलं, झालं, आपलं काम झालं. माणसाच्या डोक्यात एकदा हवा शिरली की त्याला स्वतःचंच हस्ताक्षर ओळखू येत नाही.

मग ती सकाळ. महिन्याची पहिली तारीख. मी शेवटून दुसरं प्रकरण वाचलं. त्यात टेलर मशीन डोक्यावर घेतो आणि जुगाराच्या अड्ड्याकडे निघतो, एवढंच. मग कंपाउंडरनं बाकावर थाप मारली, "वा." सगळे उठून उभे राहिले. मास्तरांनी वही काढली. "बोला, शेवटचा डाव. जिंकतो का हारतो?" जो तो ओरडून सांगायला लागला. बदनापूर आलं तरी कुणी उतरेना, गार्डनं शिट्टी मारली तेव्हा पळापळ.

त्याच दिवशी अकरा वाजता मी राजीनामा लिहिला. फुलस्केपच्या कोऱ्या कागदावर, सुवाच्य अक्षरात. महिन्याची नोटीस. कारण काय लिहायचं सुचेना. 'लेखक होण्यासाठी' असं लिहायची हिंमत झाली नाही, म्हणून लिहिलं, 'घरगुती अडचणींमुळे'. आवक-जावक माझ्याकडेच, पण स्वतःच्या कागदाला स्वतः नंबर टाकणं बरं दिसेना. मी तो बडेबाबूंच्या हातात दिला. त्यांनी वाचला. चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"घरी विचारलं?"

"हो," मी म्हणालो. चक्क खोटं बोललो.

"बरं," म्हणाले, आणि कागद ड्रॉवरमध्ये ठेवला.

इथे माझ्या हातून जी चूक झाली ती आमच्या धंद्यातलं शेंबडं पोरही करणार नाही. कुठलाही कागद कचेरीत दिला की त्याची पोच घ्यायची असते. दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक बारनिशीतला नंबर. बारनिशी म्हणजे आलेल्या कागदांची मोठी नोंदवही. तिथं नंबर पडला की कागद आला, नाही पडला तर तो कागद जगात नाही. खेड्यातून आलेल्या म्हाताऱ्यांवर मी रोज खेकसायचो, "पोच घेतली होती का? नाही? मग कसं सांगता दिला म्हणून?" आणि स्वतःच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा कागद मी तसाच देऊन टाकला आणि शीळ घालत टेबलाशी आलो.

शेवटचं प्रकरण सोडून बाकी सगळं पुण्याला गेलं. शेवट मागाहून पाठवतो असं लिहिलं, कारण शेवट सुचतच नव्हता. जिंकवावं तर जुगाराचा विजय होतो, हरवावं तर माझ्याच्यानं लिहवेना. डब्यात रोज विचारणा व्हायची. मी रोज म्हणायचो, होतंय. महिना सरत होता. बायकोला सांगायचं आज, उद्या, परवा. ती माहेरी बाळंतपणाला जायची तयारी करत होती आणि मी तिच्या बॅगेला पट्टा लावून देत होतो.

एकवीस तारखेला गठ्ठा परत आला. सोबत चार ओळी: आपले लेखन आमच्या योजनेत बसत नाही. टपाल आधी बडेबाबूंकडे जायचं. त्यांनी गठ्ठा माझ्या टेबलावर ठेवला, वर बोटानं टकटक केलं आणि म्हणाले, "खाजगी हाय तुमचं." गेले.

तोंडचं पाणी पळणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. नोटिशीचे नऊ दिवस राहिले होते. राजीनामा परत मागावा? कुठल्या तोंडानं? आणि आणीबाणीचे दिवस. माणसांना जबरदस्तीनं घरी पाठवत होते, आपण होऊन निघालेल्याला कोण परत घेणार? साहेबांनी कधीच मंजूर करून वर पाठवला असणार, असं मी धरूनच चाललो होतो. बडेबाबूंकडे बघायचीही सोय राहिली नव्हती. मी जेवत नव्हतो. बायको म्हणाली, "पोट बिघडलं का तुमचं?" हो म्हणालो. तिनं ओव्याचं पाणी करून दिलं आणि ते मी मुकाट्यानं प्यालो. त्या ओव्याच्या पाण्याची मला अजून लाज वाटते.

नोटीस संपायला तीन दिवस राहिले असतील. रविवारची दुपार. मी भिंतीला टेकून बसलो होतो, समोर कोरी गड्डी. बायको शनिवारी आलेले पाठकोरे निवडत बसली होती. दोन्हीकडून छापलेले फडताळात अंथरायला, एकीकडून कोरे मला. ती सातवीपर्यंत शिकलेली आणि तिला वाचायचा नाद. कागदांची छापील बाजू ती आवडीनं वाचायची. उंदरांच्या बंदोबस्ताचं एक परिपत्रक वाचून ती मागे म्हणाली होती, "तुमच्या बाजूपरीस ह्या बाजूला जास्ती मजा हाय."

वाचता वाचता ती थांबली.

"ओ. ह्ये तर तुमचं अक्षर हाय."

मी वर बघितलं.

"खाली सही करणार अर्ज करतो की," ती एकेक शब्द वाचायला लागली, "घरगुती अडचणींमुळे..." पुढचं ती मनात वाचत गेली. मग कागद मांडीवर ठेवला. "घरगुती अडचण म्हंजे कोण? मी का?"

मी तिच्या हातातून कागद ओढला. लाज वाटते सांगायला, पण त्या वेळी मी तिच्याकडे बघितलंच नाही. मी कागदाचा वरचा उजवा कोपरा बघितला. शिक्का नव्हता. तारीख नव्हती. नंबर नव्हता. साहेबांची आडवी सही नव्हती. पालथा करून बघितला, मागून कोरा. माझा राजीनामा महिनाभर कचेरीत होता आणि तो कचेरीत आलाच नव्हता.

माझा जीव असा भांड्यात पडला की मी मोठ्यानं हसलो. हसता हसता रडायला लागलो. बायकोला त्याच क्षणी कळत होतं की नवऱ्यानं नोकरी सोडली होती, आणि मला त्याच क्षणी कळत होतं की ती सुटलेली नाही. एकाच खोलीत, एकाच कागदावर. ती बिचारी माझ्याकडे येड्याकडे बघावं तशी बघत होती.

मग मी सगळं सांगितलं. कार्ड, डब्यातली वाहवा, गठ्ठा, ओव्याचं पाणी. ती ओरडली नाही, त्यापेक्षा ओरडली असती तर परवडलं असतं. बराच वेळ पाठमोरी बसून कागद निवडत राहिली. चहाच्या वेळेला चहा झाला, तो तिनं फक्त एक कप केला.

"तुमचा तो टेलर," कप खाली ठेवून ती एकदम म्हणाली, "मशीन डोक्यावर घेऊन निघाला तवा त्याची बायको काय करून राह्यली व्हती?"

"ती आत होती."

"आत म्हंजे?"

"घरात. तिला माहीत नसतं."

"तिला म्हाईत न्हाई असं कसं? आठ दिस मशीन बंद, आवाज न्हाई घरात, आन् बायकोला कळणार न्हाई? तुम्हाला काय वाटलं, ओवा मी पोटासाठी दिल्ता?" तिचा आवाज पहिल्यांदाच कापला. "वाट पाहून राह्यले व्हते मी. आज सांगताल, उद्या सांगताल."

मी मान खाली घातली.

"मी असते ना तिथं," ती म्हणाली, "तर मशीनीचं शटल काढून कनवटीला लावलं असतं. न्या म्हणावं मशीन कुठं न्यायचं ते."

कनवट म्हणजे लुगड्याची कमरेशी खोचलेली गाठ. आणि शटल म्हणजे मशीनच्या पोटातला खालचा दोरा धरणारा भाग, एवढासा, अंगठ्याएवढा. ते नसलं की मशीन म्हणजे नुसतं लोखंड, त्याला कुणी डावावर घेत नाही. मी तिच्याकडे बघत राहिलो. मग राजीनामा पालथा घातला आणि कादंबरीचं शेवटचं पान त्याच्या कोऱ्या पाठीवर लिहिलं. दिवे लागायच्या आत झालं. तिनं वाचलं, एक शब्द खोडायला लावला, आणि मला जेवायला वाढलं. माफ केलं असं म्हणाली नाही. त्याला तिनं बाळंत होऊन परत येईपर्यंत वेळ घेतला.

सोमवारी प्लॅटफॉर्मवर मी बडेबाबूंना गाठलं.

"बडेबाबू, तो माझा राजीनामा..."

"कोणता राजीनामा?" ते रुळांकडे बघत म्हणाले. "बारनिशीत तर असा कोणताच कागद न्हाई. तुम्ही पोच घेतली व्हती का?"

"नाही."

"मंग?"

गाडी आली. डब्यात मी शेवटचं पान वाचलं. टेलर अड्ड्यावर पोहोचतो, मशीन खाली ठेवतो. अड्डेवाला चाक फिरवून बघतो आणि म्हणतो, ह्यात शटल न्हाई, घेऊन जा परत. टेलर मशीन उचलतो आणि घरी येतो. दारात बायको उभी असते, हात कमरेशी. संपलं.

डबा खवळला. जिंकला न्हाई, हारला न्हाई, ह्यो काय शेवट झाला? कंपाउंडरचे सहा चहा अडकले होते. तो म्हणाला, सगळा डाव रद्द करा, लेखकानं फसवलं. मास्तर टाचणवहीचं मागचं पान उलटून बघत होते. बदनापूरच्या प्लॅटफॉर्मवर सगळे चहाच्या गाड्यापाशी गोळा झाले तेव्हा त्यांनी हात वर केला.

"डाव रद्द न्हाई होत. एक माणूस जिंकलाय." त्यांनी पान माझ्यापुढे धरलं. सगळ्यांच्या नावांपुढे जिंकतो, हारतो, जिंकतो, हारतो. सगळ्यात खाली एक ओळ होती: 'बडेबाबू, एक चहा. टेलर घरी जातो.' पुढे पहिली तारीख, आणि कंसात, संध्याकाळची गाडी.

सकाळी अकराला मी त्यांच्या हातात राजीनामा दिला होता. संध्याकाळी, जन्मात कधी न खेळलेल्या माणसानं, हा डाव लावला होता.

त्या काळात एक कागद महिनाभर ड्रॉवरमध्ये दाबून ठेवणं म्हणजे काय, ते आवक-जावकीच्या कारकुनाला कुणी सांगायला नको. तपासणीत सापडला असता तर माझी नोकरी राहिली असती, त्यांची गेली असती. मी त्यांना विचारलं. सगळ्यांसमोर विचारायला नको होतं, पण राहवलं नाही. "बडेबाबू, तपासणी आली असती तर?"

"आल्ती की," ते म्हणाले. "बारा तारखेला. तुम्ही रजेवर व्हता. तवा तुमचा कागद माझ्या सदऱ्यात व्हता."

मास्तरांनी त्यांच्यापुढे जिंकलेला चहा केला. तो त्यांनी घेतला नाही, माझ्याकडे सरकवला आणि स्वतःच्या पैशानं दुसरा घेतला. कपाला दोन्ही हात लावून मी तसाच उभा राहिलो.

"प्या लवकर," बडेबाबू म्हणाले. "शनिवारची आवक पडून राह्यलीय. नंबर कोण टाकणार?"